बालकाचं प्रकरण न्यायालयात चालू असताना बाल संरक्षण यंत्रणेविरुद्ध तक्रार कशी करायची : सोलापूर जिल्ह्यासाठी मार्गदर्शन

मूल बालगृहात आहे, प्रकरण बाल कल्याण समितीपुढे किंवा विशेष न्यायालयात चालू आहे, आणि घरच्यांना यंत्रणेच्या वागण्याबद्दल काही सांगायचं आहे. अशा वेळी बहुतेक जण एकच चार पानी अर्ज लिहितात. समितीचा आदेश चुकीचा आहे, गृहभेटीला आलेल्या बाई उर्मट बोलल्या, अहवालात खोटं लिहिलं, मुलीची भेट नाकारली, असं सगळं त्यात एका दमात येतं. खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून पालकमंत्र्यांपासून पोलीस आयुक्तांपर्यंत सात नावं. काही दिवसांनी एका ओळीचं उत्तर येतं : 'प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने कार्यवाही करता येत नाही.' तोवर अपिलाची मुदत निघून गेलेली असते.

हा लेख त्या घरच्यांसाठी आणि त्यांना अर्ज लिहून देणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी, विधी स्वयंसेवकांसाठी आहे. शेवटी थोडं यंत्रणेत नव्यानं रुजू झालेल्यांसाठीही आहे, कारण तक्रार घेणाऱ्याला ती कशी घ्यायची हे ठाऊक नसलं, की चांगला लिहिलेला अर्जही फाइलीत पडून राहतो.

सगळ्याचं मर्म एवढंच : आदेशाविरुद्ध अपील असतं, वागणुकीविरुद्ध तक्रार असते, आणि अहवालातल्या मजकुराला उत्तर त्याच समितीपुढे किंवा न्यायालयापुढे द्यायचं असतं. हे तीन कागद वेगळे ठेवले, तर 'न्यायप्रविष्ट' हा शब्द तुमची वाट पूर्ण अडवू शकत नाही.

आधी प्रकरण नेमकं कुठे आहे ते ओळखा

मुलाचं प्रकरण चारपैकी एका ठिकाणी असू शकतं, कधी एकाच वेळी दोन ठिकाणी.

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक असेल, म्हणजे सोडून दिलेलं, हरवलेलं, घरात छळ होणारं, मजुरीतून सोडवलेलं, तर ते बाल कल्याण समितीपुढे येतं. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. लोक तिला सरकारी कार्यालय समजतात, पण बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २७ प्रमाणे ती न्यायपीठ म्हणून बसते आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. (पुढे कायद्याचं नाव न घेता नुसतं 'कलम' म्हटलं असेल, तिथे ते याच अधिनियमाचं समजा.) म्हणून समितीच्या आदेशावर 'साहेबांना सांगून बदलून घेऊ' हा मार्ग नाही. मुलावरच गुन्ह्याचा आरोप असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे असतं. मूल लैंगिक अत्याचाराचं पीडित असेल तर खटला पॉक्सो कायद्याखालच्या विशेष न्यायालयात चालतो. आईवडिलांमधला ताब्याचा वाद असेल तर तो कौटुंबिक किंवा दिवाणी न्यायालयाचा विषय. नवराबायकोच्या भांडणात मूल आपल्याकडे खेचण्यासाठी समितीचा दरवाजा ठोठावणं चूक आहे, आणि ते मुलाच्या हिताचंही नाही.

दोन ठिकाणांची गोष्ट नीट लक्षात घ्या. पॉक्सोच्या प्रकरणात आरोपीवरचा खटला विशेष न्यायालयात असतो, पण मुलीनं कुठे राहायचं हा निर्णय बाल कल्याण समितीचा असतो. दोन्हीकडचे प्रकरण क्रमांक वेगळे. अर्जावर चुकीचा क्रमांक पडला तर तो भलत्याच टेबलावर जातो.

मग ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांचं पद शोधा. घरी आलेली प्रत्येक व्यक्ती 'महिला बालकल्याणवाले' नसते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संस्थात्मक आणि बिगरसंस्थात्मक काळजीचे दोन संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्रीय कार्यकर्ते असतात. पोलीस ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी गृहखात्याचा. बालगृहातली काळजीवाहक किंवा अधीक्षक स्वयंसेवी संस्थेची कर्मचारी असू शकते. पॉक्सोमध्ये खटल्याच्या काळात मुलाला साथ द्यायला समितीनं दिलेली सहायक व्यक्ती हा आणखी वेगळा माणूस. नाव माहीत नसेल तर 'दि. अमुक रोजी दुपारी गृहभेटीस आलेल्या सामाजिक कार्यकर्त्या' एवढं लिहा, तेवढं पुरतं. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा ते बरं.

तक्रारीची चाळणी

कोरा कागद घ्या आणि मनातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक अक्षर टाका.

'आ' म्हणजे आदेश. 'मुलाला बालगृहात ठेवलं', 'आजीकडे द्यायला नकार दिला', 'दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं'. यावर तक्रार चालत नाही, अपील चालतं.

'म' म्हणजे मजकूर. 'अहवालात वडील दारू पितात असं लिहिलं, ते खरं नाही', 'घर एका खोलीचं लिहिलं, दोन खोल्या आहेत'. हे समिती किंवा न्यायालय तपासणार असतं. त्याला उत्तर म्हणजे लेखी म्हणणं आणि पुरावा.

'व' म्हणजे वागणूक. 'जातीवरून बोलल्या', 'ठरलेल्या दिवशी भेटीला नेलं नाही', 'चार वेळा जाऊनही अर्ज घेतला नाही', 'वाचून न दाखवता सही घेतली', 'पैसे मागितले'. खरी तक्रार ही. प्रकरण चालू असतानाही ती करता येते, कारण न्यायालय मुलाच्या भवितव्याचा निर्णय करत असतं, कर्मचाऱ्याच्या शिस्तीचा नाही.

'ग' म्हणजे गुन्हा. संस्थेत मारहाण, उपाशी ठेवणं, लैंगिक छळ. ही तक्रार निवारणाची बाब नाही. थेट पोलीस ठाणे, किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन), किंवा ११२ (तातडीच्या मदतीचा क्रमांक). संस्थेच्या कर्मचाऱ्यानं केलेल्या क्रूरतेला कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. लैंगिक गुन्हा असेल तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे, आणि पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला माहिती द्यायची असते. 'आधी तारीख होऊ दे, मग बघू' असं इथे कुणीही सांगितलं तरी ऐकू नका.

पैसे मागितल्याची गोष्ट 'व' मध्ये येते, तशी ती लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडेही नेता येते, टोल फ्री क्रमांक १०६४.

चाळणी झाली की बहुधा दिसतं, की निम्म्याहून जास्त ओळी 'आ' आणि 'म' च्या आहेत. घरच्यांना हे पचायला जड जातं. त्यांचा राग खरा असतो. तरीही कार्यकर्त्यानं इथे ठाम राहावं, कारण 'आ' आणि 'म' च्या ओळी तक्रारीत राहिल्या तर त्या 'व' च्या ओळींनाही सोबत घेऊन बुडतात.

मुदत : तक्रार टाकली म्हणून अपिलाचं घड्याळ थांबत नाही

समितीच्या किंवा मंडळाच्या आदेशाविरुद्ध कलम १०१ प्रमाणे आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीवर, अपील करता येतं. प्रतिपालकत्व (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं), प्रायोजकत्व (मुलासाठी आर्थिक मदत) आणि पश्चात काळजी (संस्थेतून बाहेर पडलेल्यांना आधार) याबद्दलच्या समितीच्या निर्णयांचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचे आदेश जिल्हाधिकारी देतात, त्याविरुद्धचं अपील ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी पुण्याला. पुरेसं कारण असेल तर सत्र न्यायालय उशीर माफ करू शकतं, पण 'तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत होतो' हे कारण लंगडं आहे.

दुसरं अपील नाही. त्यानंतरचा रस्ता उच्च न्यायालयाचा, कलम १०२ खाली पुनरीक्षण. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आहे, त्यामुळे यासाठी मुंबईचं तिकीट काढायची गरज राहिली नाही.

आदेश हाती आला त्याच दिवशी कागदाच्या कोपऱ्यात तिसाव्या दिवसाची तारीख लिहा. प्रमाणित नकलेचा अर्जही त्याच दिवशी द्या, कारण नक्कल मिळायला दिवस लागतात.

वकील परवडत नाही म्हणून अपील राहिलं, असं होऊ नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालकं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. सोलापूरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा. फोनवर विचारायचं तर १५१००. आई अर्जदार असेल तर तिच्या नावानेच अर्ज करा, उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्न येत नाही.

अहवाल चुकीचा वाटतो तेव्हा

सगळ्यात जास्त खदखद सामाजिक तपासणी अहवालावर, म्हणजे घरची परिस्थिती पाहून समितीसाठी लिहिलेल्या अहवालावर असते, आणि सगळ्यात जास्त गोंधळही. हा अहवाल १५ दिवसांत व्हायचा असतो आणि समितीची चौकशी, मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून, चार महिन्यांत पुरी व्हायची असते. घाईत चुका होतात. आपल्या जिल्ह्यात त्यांची काही ठरलेली कारणं आहेत.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या घरात आई तेलुगू बोलते, अक्कलकोटच्या खेड्यात आजी कन्नड बोलते, आणि जबाब मराठीत उतरवला जातो. शेजारच्या पोरानं केलेलं भाषांतर कागदावर येतं. ऊसतोडीच्या हंगामात घराला कुलूप असतं, आणि अहवालात 'पालक आढळले नाहीत' एवढंच येतं, ते कामावर गेलेत हे येत नाही. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर पाळीत काम करणाऱ्या बाईच्या घरी दुपारी कुणी नसतं, मग 'मुलाकडे लक्ष द्यायला कुणी नाही' असा शेरा पडतो. यात दरवेळी दुष्टपणा असतो असं नाही, पण परिणाम मुलाला भोगावा लागतो.

यावर तक्रार करून अहवाल बदलत नाही. मार्ग असा : कलम ९९ प्रमाणे असे अहवाल गोपनीय असतात, पण समितीला योग्य वाटलं तर ती त्यातला सारांश बालकाला, पालकाला कळवू शकते आणि त्याबद्दल पुरावा देण्याची संधी देऊ शकते. म्हणून समितीपुढे एक पानी अर्ज द्या : 'कलम ९९ अन्वये अहवालाचा सारांश कळवावा व त्यातील मजकुराबाबत पुरावा सादर करण्याची संधी द्यावी.' अहवालाची झेरॉक्सच द्या असा हट्ट धरलात तर नकार सोपा होतो. सारांश मागितलात तर नकाराला कारण द्यावं लागतं.

मग मुद्द्याला मुद्दा असं लेखी म्हणणं द्या. कुलूप होतं तर मुकादमाकडची उचलीची चिठ्ठी किंवा कारखान्याचा कागद. कामाचा पुरावा म्हणून विडी कामगार ओळखपत्र किंवा कारखानदाराचं पत्र. मूल कोण सांभाळणार याचा प्रश्न असेल तर आजीचं किंवा मावशीचं शपथपत्र, त्यांच्या आधार कार्डासह. शाळेतल्या हजेरीचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, रेशन कार्ड. शेजारच्या दहा जणांच्या सह्यांचं निवेदन दिसायला भारी दिसतं, पण वजन कमी पडतं. एका वर्गशिक्षिकेचं तारखेसह दिलेलं पत्र त्याहून उपयोगी. भाषेची अडचण असेल तर पुन्हा गृहभेट आणि दुभाषा मागा. पॉक्सोमध्ये तर मुलाचा जबाब नोंदवताना दुभाष्याची तरतूद कलम २६ आणि ३८ मध्ये स्पष्ट आहे.

आता यातही 'व' ची ओळ असू शकते. भाषांतरात चूक झाली हा मजकुराचा वाद. पण घरी न येताच 'गृहभेट केली' असं लिहिलं असेल, तर ती वागणुकीची तक्रार आहे आणि ती वेगळ्या कागदावर जाऊ शकते. दोन्ही कागदांत तारीख तीच ठेवा.

तक्रार कुणाकडे

इथे एक गल्लत फार होते. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग अंगणवाड्या पाहतो, बालगृहं आणि बाल संरक्षण कक्ष नाही. तिथे दिलेला अर्ज दुसऱ्या कार्यालयात पाठवण्यातच आठवडे जातात. बाल संरक्षणासाठी गाठायचं ते जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय, राज्याच्या महिला व बालविकास विभागाचं.

कक्षातला कर्मचारी असेल तर पहिला अर्ज जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांकडे, प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना. तक्रार बाल संरक्षण अधिकाऱ्यांविरुद्धच असेल तर ती जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे. वरची पायरी म्हणजे पुणे विभागाचे विभागीय उपआयुक्त आणि त्यावर पुण्यातलं महिला व बालविकास आयुक्तालय. स्वयंसेवी संस्थेच्या बालगृहाबद्दल असेल तर संस्थेचे अधीक्षक आणि बाल कल्याण समिती या दोघांनाही द्या, कारण संस्थांची महिन्यातून किमान दोनदा तपासणी करणं हे समितीचंच काम आहे. पोलिसांबद्दल असेल तर शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक. शहर आणि ग्रामीण भागाच्या सरहद्दीवरचे लोक इथे चुकतात, म्हणून गुन्हा कुठल्या पोलीस ठाण्यात आहे ते पाहून ठरवा.

समितीच्याच कामकाजाबद्दल तक्रार असेल तर : ठरलेल्या दिवशी बैठक होत नाही, तुमचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, अंतिम आदेश देताना तीन सदस्य हजर नव्हते. यासाठी कलम २७(१०) आहे. समितीच्या कामकाजाबाबतच्या गाऱ्हाण्यांसाठी जिल्हाधिकारी हेच निवारण अधिकारी आहेत. बाधित बालक किंवा बालकाशी संबंधित कुणीही त्यांच्याकडे तक्रार करू शकतं आणि दोन्ही बाजू ऐकून त्यांनी आदेश द्यायचा असतो. समितीनं महिन्यात किमान २० दिवस बसावं असं कायदाच सांगतो, म्हणून 'आम्ही अमुक चार तारखांना आलो, कार्यालय बंद होतं' ही तक्रार पूर्णपणे चालणारी आहे. अर्जात कलम २७(१०) ठळक लिहा. नाहीतर टपाल शाखेतून तो सर्वसाधारण निवेदनांच्या गठ्ठ्यात जातो.

लोकशाही दिनाचा मोह टाळा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात तो होतो हे खरं, पण त्यासाठी अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट प्रकरणं तिथे स्वीकारलीच जात नाहीत. पंढरपूर, करमाळ्याहून रोजंदारी बुडवून आलेला माणूस त्या दिवशी हात हलवत परत जातो. केंद्राच्या तक्रार पोर्टलचंही तसंच, न्यायालयात असलेली बाब तिथे बंद केली जाते.

महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. आयोगाला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. पण एकाच वेळी राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांना पत्र लिहू नका. एका आयोगापुढे असलेली बाब दुसरा आयोग चौकशीला घेत नाही.

अर्ज कसा लिहायचा

एक पान, फार तर दीड. एका अर्जात एकाच व्यक्तीबद्दल किंवा एकाच प्रसंगाबद्दल. 'नेहमी', 'सगळे', 'मुद्दाम' हे शब्द काढून टाका, त्यांच्या जागी तारीख आणि वेळ घाला. नमुना असा :

'विषय : गृहभेटीच्या वेळच्या वर्तनाबाबत तक्रार (समितीच्या कोणत्याही आदेशाबाबत नाही).

महोदय, माझ्या मुलीचे प्रकरण बाल कल्याण समिती, सोलापूर यांच्यापुढे प्रकरण क्र. … अन्वये चालू आहे. ही तक्रार त्या प्रकरणातील निर्णयाबद्दल किंवा अहवालातील निष्कर्षाबद्दल नाही. त्यासाठी मी समितीपुढे स्वतंत्र अर्ज दिला आहे.

दि. … रोजी दुपारी सुमारे ३ वाजता आपल्या कक्षाच्या सामाजिक कार्यकर्त्या घरी आल्या. मी तेलुगू बोलते, मला मराठी वाचता येत नाही. त्यांनी लिहिलेला कागद मला वाचून दाखवला नाही व त्यावर माझा अंगठा घेतला. त्या वेळी माझी नणंद हजर होती.

माझी विनंती : १) या प्रसंगाची चौकशी करावी. २) यापुढील जबाब दुभाष्यासह घ्यावा व वाचून दाखवावा. ३) केलेल्या कार्यवाहीची मला लेखी माहिती द्यावी.'

'महोदय' पासूनच्या परिच्छेदातली शेवटची दोन वाक्यं या अर्जाचा कणा आहेत. 'न्यायप्रविष्ट' असं उत्तर देणाऱ्याला ती वाचून पुढे जावंच लागतं. विनंतीही महत्त्वाची. 'कडक कारवाई करावी' असं लिहिलं, की काय द्यायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'पुढच्या भेटीसाठी दुसरी व्यक्ती नेमावी' ही विनंती मान्य करणं सोपं असतं, आणि चालू प्रकरणात कुटुंबाला उद्या उपयोगी पडते ती तीच.

मुलाचं नाव अर्जात लिहू नका. प्रकरण क्रमांक पुरतो. पॉक्सोच्या प्रकरणात तर पत्ता, शाळा, गावातली ओळख पटेल असं काहीच नको. दोषारोपपत्रातली पानं, मुलीचा दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब, वैद्यकीय अहवाल जोडू नका. तक्रारीचा विषय वागणूक आहे, त्याला हे कागद लागत नाहीत, आणि टपाल शाखेतून चार टेबलांवर फिरतात.

पोच, पाठपुरावा

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' असं म्हटलं तर स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. टपालाची जुनी रजिस्टर सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे. ईमेल केलात तरी कागद द्याच.

महिनाभर काहीच कळलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा, पण नेमका. मुलाच्या फाइलीची माहिती मागितली तर गोपनीयतेमुळे नकार येईल, आणि तो बरोबरच असेल. मागायचं ते हे : 'माझ्या दि. … च्या आवक क्र. … या तक्रार अर्जावर आजपर्यंत केलेली कार्यवाही, टिपणीच्या प्रती व सध्या अर्ज ज्यांच्याकडे प्रलंबित आहे त्यांचे पदनाम.' महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. उत्तर ३० दिवसांत, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

उत्तरात पुन्हा 'न्यायप्रविष्ट' आलं तर रागावून नवा लांब अर्ज लिहू नका. तीन ओळींचं पत्र द्या : आधीच्या अर्जातली तीच दोन वाक्यं उद्धृत करा, वर्तनाची चौकशी कोणत्या न्यायालयाच्या कोणत्या आदेशानं थांबली आहे ते विचारा, आणि वरच्या अधिकाऱ्याला प्रत द्या. पण खरोखरच तसा आदेश असेल, किंवा तोच प्रसंग न्यायालय साक्षीतून तपासत असेल, तर थांबणं रास्त आहे. मग एवढंच मागा, की तक्रार बंद न करता प्रलंबित ठेवावी आणि प्रकरण संपल्यावर पुढे घ्यावी.

वकिलाला तक्रारीची प्रत आधीच द्या. तक्रारीत लिहिलेलं वाक्य उद्या उलटतपासणीत समोर येऊ शकतं. समितीच्या सदस्याला किंवा न्यायाधीशांना खासगी पत्र, फोन, घरी भेट हे अजिबात नको. जे सांगायचं ते तारखेला, अर्जातून, रोजनाम्यात नोंद होईल असं.

मुलाला मध्ये ओढू नका

बालगृहातल्या भेटीत मुलाकडून 'मॅडम मारतात' असं मोबाइलवर बोलवून घेणं, त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घेणं, हे हमखास उलटतं. मूल पढवलेलं आहे असा शेरा पडतो आणि खरी गोष्टही शंकेची होते. मुलानं आपणहून काही सांगितलं तर ऐका, त्याचे शब्द तसेच त्याच दिवशी लिहून ठेवा, जास्त खोदू नका, आणि समितीला विनंती करा की मुलाशी एकट्यानं बोलावं. सहभागाचं तत्त्व कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे, मुलाचं म्हणणं ऐकणं हा समितीचा उपकार नव्हे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर, फेसबुकवर, स्थानिक चॅनेलवर मुलाची ओळख पटेल असं काही टाकलं तर कलम ७४ लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पालक असलात तरी. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याऐवजी तुमच्यावरच गुन्हा, असं व्हायला वेळ लागत नाही.

कर्नाटकातलं मूल

सोलापूर स्टेशनवर सापडलेली, आषाढीत पंढरपुरात चुकलेली मुलं कित्येकदा विजयपूर किंवा कलबुर्गीकडची असतात. मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं निघालं, तर कलम ९५ प्रमाणे तिथल्या समितीशी विचारविनिमय करून, मुलाच्या हिताचं असेल तर ते तिकडे वर्ग होतं. मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस हवी. अशा प्रकरणांतल्या तक्रारी बहुतेक उशिराच्या असतात. अर्ज इथल्या समितीकडे करा आणि प्रत तिकडच्या समितीला, दोन्ही प्रकरण क्रमांकांसह. मूल वर्ग झाल्यावरही इथल्या कर्मचाऱ्याच्या वागणुकीची तक्रार इथेच चालते.

यंत्रणेत नव्यानं आलेल्यांसाठी

अर्ज आला की आधी पोच द्या, मग वाचा. मजकूर मिश्र असेल तर सगळाच परत करू नका. कोणता मुद्दा वागणुकीचा म्हणून चौकशीला घेतला, कोणता समितीपुढे मांडायला सांगितला, कोणत्या आदेशासाठी अपिलाचा मार्ग आहे आणि त्याची मुदत किती, हे उत्तरात वेगवेगळं लिहा. मुदत कळवणं फार महत्त्वाचं आहे, कारण समोरच्याला ती माहीत नसते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाच चौकशीला पाठवू नका. चौकशी चालू असेपर्यंत त्या कुटुंबाची पुढची गृहभेट शक्यतो दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्या, आणि हा बदल समितीला कळवा, नाहीतर पुढच्या तारखेला अहवाल कुणाचा यावरून नवाच वाद उभा राहतो.

तक्रार केली म्हणून भेटी तोडणं, 'असहकार करणारे पालक' असा शेरा मारणं, हे अहवालात शिरू देऊ नका. तक्रारीची फाइल आणि बालकाची फाइल वेगळी ठेवा. तक्रारीतून मुलाच्या सुरक्षिततेबद्दल काही नवं कळलं, तर तेवढा भाग त्याच दिवशी लेखी समितीपुढे गेला पाहिजे, आणि तो गेल्याची नोंद तक्रारीच्या फाइलीत असली पाहिजे.